बूड टेकेना

माझ्या मामाने आजवर हजारो लोकांना दात दिले, पण त्यातल्या एकाचाही चेहरा त्याने पाहिलेला नाही. मामा कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडात मऊ लगदा दाबून जबड्याचा ठसा घेतात आणि तो ठसा डबीतून तिसऱ्या मजल्यावरच्या मामाच्या खोलीत येतो. मामा त्यावरून प्लास्टरचा जबडा ओततो, जबड्यावर मेण चढवतो, मेणात एकेक दात रोवतो, आणि आठवड्याभराने कुणाचं तरी हसू डबीत घालून परत पाठवतो. खोलीच्या तीन भिंतींना फळ्या आहेत. फळ्यांवर अडीचशे तरी पांढरे जबडे, आणि प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर.

रस्त्यात कुणी हसलं की मामा त्याच्या डोळ्यांकडे बघतच नाही. "एकशे चाळीस," तो माझ्या कानात पुटपुटतो. "वरचा सुळा मी जरा आत घेतला होता. बघ कसा शोभतोय." एकशे चाळीस नंबरच्या बाई मात्र हा म्हातारा आपल्या तोंडाकडे काय बघतोय म्हणून घाईघाईने रस्ता ओलांडतात.

अशा या माणसाला साठाव्या वर्षी रिमोटवर चालणाऱ्या ट्रकच्या शर्यतींचं वेड लागलं. खेळण्यातला ट्रक म्हटलं की मामा चवताळतो, म्हणून नीट सांगते. ट्रक हातभर लांबीचा, वर रंगवलेलं पातळ प्लास्टिकचं टरफल, उघडी चाकं, टायरांवर रबराचे बारीक काटे. मोटर फक्त मागची चाकं फिरवते. बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीमागे मातीचा ट्रॅक आहे, त्यावर उंचवटे, खड्डे आणि आठ वळणं. चालवणारे लाकडी मचाणावर ओळीने उभे राहतात, डाव्या हातात रिमोट, उजव्या हाताने दिशेचं चाक फिरवायचं आणि डाव्या तर्जनीने चाप ओढायचा. चाप ओढला की ट्रक पळतो. मामा डावखुरा, त्यामुळे हे त्याच्या सोयीचंच.

या नादात त्याला ओढलं ते त्याच्या व्याह्यांनी, म्हणजे माझ्या मामेबहिणीच्या सासऱ्यांनी. व्याही जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले. आमच्या भागात अर्ध्या दुकानांची नावं त्यांच्या हातची आहेत. पाच वर्षं झाली, गुडघे दुखतात, शिडी चढवत नाही, म्हणून त्यांनी काम सोडलं, पण जीभ सोडली नाही. त्यांची जीभ म्हणजे दुधारी सुरी. व्याहीपणाचा मान सांभाळत, "अहो-जाहो" करत, ते मामाचं रोज एक साल काढायचे.

आता मुख्य अडचण. मामाचा ट्रक सरळ रस्त्यावर बरा पळायचा, पण वळणातून बाहेर पडताना चाप ओढला रे ओढला की मागचा भाग सर्रकन बाजूला जायचा आणि ट्रक आल्या वाटेकडे तोंड करून उभा राहायचा. इतर खेळाडू याला "मागचं ट्रॅक्शन कमी पडतंय" म्हणायचे. मामाला असली भाषा आवडत नाही.

"ट्रॅक्शन म्हणजे काय?" तो म्हणाला. "बूड टेकत नाही, एवढंच ना?"

त्या दिवसापासून अख्खा क्लब 'बूड' म्हणायला लागला. शहाणीसुरती माणसं ट्रॅकवर ओणवी होऊन एकमेकांना विचारायची, "आज बूड कसं आहे?" बाहेरचं कुणी ऐकलं असतं तर दवाखाना समजून निघून गेलं असतं.

अडचण नुसती हसण्यावारी न्यायची नव्हती, कारण क्लबात एक नियम होता. मोठ्या गटात आठ जण. हंगामाच्या शेवटी ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो पुढचा पूर्ण हंगाम खालच्या गटात. कागदावर त्या गटाचं नाव 'प्राथमिक' आहे, पण सगळे त्याला बालगट म्हणतात, कारण त्यातला सगळ्यांत मोठा खेळाडू अकरा वर्षांचा आहे. त्यांचं मचाण गुडघ्याएवढं. त्यावर उभं राहिलेल्या मोठ्या माणसाकडे बघून हसू आवरत नाही. आणि दहा रविवारांच्या हंगामात सात रविवार झाले तेव्हा तळाला दोनच जण होते, मामा आणि त्याचे व्याही.

व्याह्यांचा ट्रक कधी गिरकी घ्यायचा नाही, पण वेगही धरायचा नाही. खाली मान घालून सरळ जायचा. आमची ताई त्यांच्या घरात सून म्हणून गेली, तीसुद्धा इतकी सरळ कधी चालली नाही. मामाचा ट्रक वेगवान होता, पण दर दोन फेऱ्यांमागे एकदा पाठ फिरवायचा.

"बालगटात गेलो तर मुलीच्या सासरी काय तोंड दाखवू?" मामा म्हणाला.

"कवळी लावून दाखवा," मामी म्हणाली. मामी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि घरी आल्यावर तिच्याकडे फार सहानुभूती शिल्लक नसते. "आणि सारखं त्या ट्रकला काय बोल लावता? नाचता येईना अंगण वाकडं!"

मामा त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलला नाही. या सगळ्यात मी कुठून आले तेही सांगते. मी फेऱ्या मोजायची. दर दोन गाड्यांना एक मोजणारा असतो. मामा व्याह्यांच्या माणसावर विश्वास ठेवेना, व्याही मामाच्या माणसावर ठेवेनात, आणि मी पडले दोघांची नातेवाईक. तेव्हा माझे रविवार गेले. मला कुणी विचारलंही नाही, हा माझा राग अजून आहे.

आठव्या रविवारच्या आधी मामाने ठरवलं की बूड हलकं आहे, म्हणून टेकत नाही. मागे वजन हवं. "जगात वजन ठेवल्याशिवाय काही हलत नाही," तो म्हणाला, "आणि माझ्याकडे वजन ठेवल्याशिवाय काही स्थिर होणार नाही." वजन म्हणून सरळ एखादी पितळी पट्टी लावावी की नाही? पण मामाच्या खोलीत नाकारलेल्या धातूच्या कवळ्या पडून असतात. बसल्या नाहीत म्हणून परत आलेल्या. त्यातल्या दोन, वरची आणि खालची, त्याने मागच्या आसाच्या वर टरफलाच्या आत दातांच्याच सिमेंटने चिकटवल्या. ग्रॅममध्ये तोलून, अगदी मधोमध.

आणि खरं सांगायचं तर थोडा फरक पडला. दोन वळणं ट्रक छान गेला. तिसऱ्या उंचवट्यावरून त्याने उडी घेतली, आपटला, टरफल उचकटलं, आणि वरची कवळी हवेत उडून मचाणासमोर मातीत पडली. चौदा दात, उताणी. बालगटातली पोरं किंचाळली. त्यांच्यातली एक चुणचुणीत मुलगी, तिचे स्वतःचे पुढचे दोन दात पडलेले, म्हणून तिला सगळे बोबडी म्हणतात, ती तेवढी पुढे आली आणि कवळी उचलून म्हणाली, "कुणाचे पल्ले?"

"व्याही," मचाणावरून आवाज आला, "सांभाळा हो. तुमचा ट्रक आमच्यावर दात काढतोय."

पुढच्या आठ दिवसांत दाताची एकही म्हण शिल्लक राहिली नाही. दाखवायचे वेगळे नि धावायचे वेगळे, हे तर ताईच्या घरी जेवताना दोनदा झालं. मामा दातओठ खात भात कालवत होता.

नवव्या रविवारी नवा प्रयोग. ज्यांच्या हिरड्या नाजूक असतात त्यांच्या कवळीला आतून एक मऊ रबरी लेप देतात. मामाने तो लेप मागच्या दोन टायरांवर चढवला. सुटायचा इशारा झाला, मामाने चाप ओढला, आणि मागच्या टायरांनी जमीन अशी काही धरली की सोडेचनात. पुढची चाकं वर उठली. ट्रक मागच्या पायांवर उभा राहिला आणि उताणा पडला. पुन्हा सरळ केला, पुन्हा उभा, पुन्हा उताणा. त्या शर्यतीत मामाच्या नावावर मी फेऱ्या लिहिल्या शून्य.

"आता बूड टेकलं," व्याही म्हणाले. "बाकीचं उठलं."

ते मात्र त्या दिवशी सातवे आले. तरी शेवटचा रविवार उरला तेव्हा गणित असं होतं की दोघांचे गुण सारखे. मागचा एक रविवार पावसाळी चिखलाचा होता, त्यात मामा चुकून तिसरा आला होता, ते गुण कामी आले. म्हणजे शेवटच्या शर्यतीत दोघांपैकी जो मागे, तो बालगटात.

तो आठवडा मामा शहाण्यासारखा वागला, हे मला कबूल करायला हवं. प्रयोग बंद केले आणि आपल्या धंद्यातली पद्धत काढली. कवळी नीट बसली की नाही हे बघायला एक निळा कागद असतो, पातळ, दोन्ही बाजूंनी शाई लावलेला. तो वरच्या आणि खालच्या दातांमध्ये ठेवायचा आणि जबडा मिटायचा. जिथे दात टेकतो तिथे निळं उमटतं. मामाने काचेच्या तुकड्यावर तो कागद पसरला, त्यावर ट्रक ठेवला, वरून हलकेच दाबला आणि टायर उलटे करून पाहिले. मागच्या दोन्ही टायरांना फक्त आतल्या कडेला निळं होतं. बाहेरचा अर्धा टायर जमिनीला शिवतच नव्हता. चाकं वरच्या बाजूने आत कलली होती.

"बघ!" मामा ओरडला. "नऊ रविवार हा अर्ध्या टायरावर धावलाय!"

मग दोन संध्याकाळी त्याने चाकांच्या वरच्या दांड्या पाव-पाव आटे फिरवल्या. फिरवायचं, कागदावर टेकवायचं, बघायचं, पुन्हा फिरवायचं. मागच्या स्प्रिंगा काढून जरा मऊ घातल्या. शेवटी संपूर्ण टायरभर निळे ठिपके उठले, काट्यागणिक एक. हा विजय त्याने ताईच्या घरी जेवणाच्या टेबलावर साजरा केला. "ठिपका उठला तर टेकलंय," तो चमचा हलवत सगळ्यांना शिकवत होता. "फराटा उठला तर समजायचं घसरतंय. दात असो की टायर. ठिपका म्हणजे स्थिर, फराटा म्हणजे हलतंय."

"ठिपका आणि फराटा," व्याही म्हणाले. "आम्ही जन्मभर फराटेच मारले, व्याही. त्याचेच पैसे मिळायचे."

शनिवारी सरावाला मी गेले तेव्हा ट्रॅक रिकामा होता. मामा म्हणाला, बघ तरी कसा चालतोय, आणि रिमोट माझ्या हातात दिला. मी दहा फेऱ्या मारल्या. मला या खेळातलं ओ का ठो कळत नाही, पण ट्रक एकदाही फिरला नाही. वळणातून असा निघायचा की मलाच माझं कौतुक वाटलं. मग मामाने रिमोट घेतला. दुसऱ्याच वळणावर गिरकी.

"तू हळू चालवलास," तो म्हणाला.

मी वेळ लावली होती. माझी फेरी त्याच्यापेक्षा दोन सेकंदांनी कमी होती. ते मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं. "मग मातीच बदलली असेल," म्हणून तो खाली बसून माती चिमटीत घेऊन बघू लागला. मला इतका राग आला! मामीचं अंगण मला आठवलं आणि तेही मी बोलून दाखवलं. तो मातीच चिवडत राहिला. मी फणकाऱ्याने घरी आले.

रविवारी मी फेऱ्या मोजायच्या टेबलाशी वही आखत बसले होते. टेबल फळकुटांच्या आडोशाला असतं, पलीकडचं दिसत नाही, पण फटीतून ऐकू येतं, आणि फटीला डोळा लावला तर दिसतंही. पलीकडे मामाचं सामान मांडलं होतं. तो पाणी प्यायला गेला होता आणि व्याही, नेहमीची खोडी काढायला काहीतरी सापडेल या आशेने, त्याचा रिमोट उचलून उलटापालटा करत होते. मामा परत आला तेव्हा व्याह्यांच्या हातात रिमोट तसाच होता.

"व्याही, चापावर हे निळं काय?"

"तो कागद. बोटाला लागतो, बोटाचा चापाला लागला. ठेवा खाली."

"ते कळलं हो. पण हा ठिपका आहे का?"

मी फटीला डोळा लावला. चाप पांढऱ्या प्लास्टिकचा, आणि त्यावर बोट टेकतं तिथे एक ठिपका असायला हवा होता. तिथे होता फराटा. एकावर एक, इकडून तिकडे, पोराने खडू घासावा तसा निळा पट्टा.

आता व्याही काय बोलणार याची मी तयारी केली. एवढा आयता विनोद त्यांनी आयुष्यात कधी सोडला नव्हता. पण त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हात दाखवा."

"हात दाखवून अवलक्षण कशाला, व्याही?"

"दाखवा म्हणतो ना."

मामाने डावा हात पुढे केला. पाणी उकळायला लागलं की भांड्यावरचं झाकण हलतं, तशी त्याची तर्जनी हलत होती. मी त्याला दर रविवारी भेटत होते, त्याच्या ट्रकचा एकेक स्क्रू मला पाठ झाला होता, आणि हे मी पाहिलं नव्हतं.

"केव्हापासून?"

"झालं वर्ष."

"आणि कामावर?"

"मेणाचं जमतं. मेण माफ करतं. धातूचं बारीक काम तीन-तीनदा करतो. डॉक्टरांना वाटतं एकदाच केलंय." मामा हसायचा प्रयत्न करत होता. "आधी वाटलं खरंच ट्रकच्या बुडालाच काहीतरी आहे. मग वाटलं, असलं तर बरं होईल."

मला रडू आलं. स्वतःचा इतका राग आला की रेघ आखता आखता वहीचं पान पेन्सिलीने फाटलं.

व्याह्यांनी रिमोट खाली ठेवला आणि स्वतःचा उजवा हात मामाच्या हाताशेजारी धरला. ते बोट मामाच्याहून जोरात नाचत होतं.

"माझं पाचवं वर्ष," ते म्हणाले. "गुडघे दुखतात, शिडी चढवत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. शिडी काय, आत्ता चढून दाखवतो. अक्षर चढत नाही. शेवटची पाटी एका औषधाच्या दुकानाची. त्यातला 'औ' तुम्ही नीट बघितलात तर कळेल. मी तिकडून जातच नाही."

"घरी माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

मग मामाने विचारलं, "पण तुमचा ट्रक तर सरळ जातो! तुम्ही डावखुरे नाही, मान्य. पण चाप तुम्ही उजव्या बोटाने ओढता, पाहिलंय मी. रिमोट उलटा धरता."

"सवय त्याच हाताची. सरळ जातो कारण मी चापाला चाप लावलाय." व्याही पहिल्यांदा हसले. "रिमोटात सोय असते. बोट अर्धं ओढलं तरी मोटरला पावच कळतं. वरचा जोर शेवटाला मिळतो. सुरुवातीला बोट कितीही नाचू दे, चाकापर्यंत पोचत नाही."

"ती सोय बालगटाची!" मामा जवळजवळ किंचाळला. "तिथे सक्तीची आहे ती! पोरं चाप ओरबाडतात म्हणून!"

"हळू बोला. म्हणून तर मी कुणाला सांगत नाही. तुमचं मात्र चाललंय, दुखणं रेड्याला नि इंजेक्शन पखालीला. बुडाला लेप लावताय, बुडाला कवळी लावताय."

मामाने संशयाने डोळे बारीक केले. शेवटी व्याहीच ते. "आणि हे मला आज सांगताय? शर्यतीच्या आधी?"

"मग काय नंतर सांगू? तुमच्या बोटाला हरवून मी मिशीला पीळ देऊ? ते तर मी घरबसल्या माझ्याच बोटाशी खेळून करीन. मला तुम्हाला हरवायचंय."

"हरवा की," मामा म्हणाला. "आधी ती सोय कुठे असते ते दाखवा."

सोय रिमोटच्या पाठीमागे एका लहानशा बटणात होती. ती लावायला दोघांना मिळून दहा मिनिटं लागली, कारण बटण बारीक आणि बोटं दोन्ही नाचरी. एकदा चुकून रिमोटची भाषाच बदलली आणि दोघांनी एकमेकांना जे काही म्हटलं ते व्याह्या-व्याह्यांत म्हणत नाहीत.

शर्यत पाच मिनिटांची. इशारा झाला आणि आठ ट्रक धूळ उडवत पहिल्या वळणावर घुसले. व्याही पुढे निघाले, आपल्या नेहमीच्या चालीने. मामा मागे. त्याला नव्या चापाचा अंदाज येत नव्हता, पहिल्या दोन फेऱ्या तो नवी चप्पल घातल्यासारखा चालला. मग तिसऱ्या फेरीत ओंडक्याजवळचं वळण आलं. नऊ रविवारांत ट्रक सगळ्यांत जास्त वेळा फिरला तो तिथेच. मी डोळे मिटून घेतले. मोजणारीने डोळे मिटू नयेत, हे मला माहीत आहे.

उघडले तेव्हा ट्रक पुढच्या वळणावर होता. फिरला नव्हता. आणि आता मामाच्या सगळ्या निळ्या कागदाची मेहनत दिसायला लागली. पूर्ण टायर जमिनीवर, स्प्रिंगा मऊ, बूड मातीला चिकटल्यासारखं. व्याह्यांकडे सोय होती, पण त्यांनी टायरांकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आठव्या फेरीला मामाने त्यांना गाठलं. व्याह्यांनी वाट अडवली. नवव्याला पुन्हा अडवली. दहाव्याला मामा आतल्या बाजूने असा घुसला की दोन्ही टरफलं एकमेकांवर घासली, आणि पुढे गेला. मचाणावर मामा ओरडत होता, "टेकलं! टेकलं!" बालगटातली पोरं कुंपणावर चढून त्याच्यासोबत तेच ओरडत होती. बूड हा शब्द त्यांच्या आयांना ऐकू जाऊ नये म्हणून एकाच शब्दावर भागवत होती.

मामाच्या पंधरा फेऱ्या झाल्या, व्याह्यांच्या चौदा. मामा पाचवा आला. व्याही आठवे. व्याह्यांच्या चौदा फेऱ्या मी तीनदा मोजल्या. मला त्या पंधरा करून लिहायच्या होत्या, आणि नातेवाईक मोजणारी ठेवल्याचा हाच तोटा. चौदाच लिहिल्या.

मचाणावरून उतरल्यावर व्याह्यांनी मामाचा हात हातात घेतला. बराच वेळ कुणी सोडला नाही. दोन्ही हात इतके हलत होते की लांबून बघणाऱ्यांना वाटलं, काय जोरात अभिनंदन चाललंय.

"सांगायला नको होतं," व्याही म्हणाले.

"नकोच होतं," मामा म्हणाला.

पुढचा हंगाम व्याही गुडघाभर मचाणावर काढणार, आणि बोबडीने त्यांना त्याच दिवशी "आजोबा, घाबलू नका, मी शिकवते" म्हणून धीर दिला. मामा तिच्या मागे उभा राहून मान डोलवत होता. उपकाराची आठवण ठेवावी आणि खोडीही सोडू नये, हे त्याला एकाच वेळी जमतं.

घरी आलो तेव्हा मामी दुकानातून आली होती. ट्रक टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवला, मी फेऱ्यांची वही शेजारी ठेवली. मला वाटलं मामा आता विजयाची कथा सुरू करणार. तो उभाच राहिला.

"ऐकलंस का," तो म्हणाला. "माझं बोट थरथरतं."

"बरं," मामी म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

"बरं काय? वर्ष झालं!"

"चौदा महिने झाले." तिने वळूनही पाहिलं नाही. "चौदा महिने मी तुम्हाला कप पाऊणच भरून देतेय. कपबश्या काढून मोठ्या कानाचे मग आणले, ते काय रंग आवडला म्हणून?"

मामा खुर्चीत बसला. "मला वाटलं तू काटकसर करतेस. मी ताईकडे तुझी तक्रारही केली."

"माहीत आहे. तिने लगेच फोन केला मला."

"मग बोलली का नाहीस?"

मामीने आता वळून पाहिलं. "तुम्ही ते ट्रकच्या बुडावर ढकललं होतंत. म्हटलं, राहू दे तिथेच, जोवर राहतंय तोवर. एकदा ते 'अंगण वाकडं' तोंडून गेलंही माझ्या, मग दोन दिवस मला झोप नाही."

मामाने टेबलावरचा ट्रक बाजूला सरकवला. मग म्हणाला, "उद्या डॉक्टरांना फोन करतो. धातूचं काम दुसऱ्या कुणाला द्या म्हणतो. मेणाचं माझ्याकडे राहू दे."

"करा."

"आणि आता भरून दे."

मामीने चहाचा मग काठोकाठ भरला आणि त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो डाव्या हातानेच उचलला. तोंडापर्यंत पोचेस्तोवर थोडा टेबलावर सांडला, थोडा शर्टावर, आणि बराचसा माझ्या वहीवर, पंधरा आणि चौदा दोन्हींवर. कुणी फडकं आणायला उठलं नाही. उरलेला चहा तो सावकाश प्यायला आणि रिकामा मग पुढे करून म्हणाला, "अजून दे."